दोन वर्षांनी लहान

आमच्या गावात माणसाला दोन वयं असतात. एक आईला ठाऊक असलेलं आणि एक शाळेत लिहिलेलं. आईचं वय लग्न जमवताना लागतं, शाळेचं नोकरीला. बहुतेकांचं या दोन वयांमुळे काही अडत नाही. माझ्या भावाचं अडलं, आणि कसं अडलं ते मी सांगणार आहे. माझ्या जिभेला हाड नाही असं सासरी रोह्यात सगळेच म्हणतात. म्हणू देत.

माझं माहेर जित्याजवळ, खाडीकाठी. बाबा मिठागरावर काम करायचे. जनू म्हटलं की त्या पट्ट्यात अजून लोक ओळखतात. प्रविण माझ्या पाठचा, तोही चार वर्षांनी. होळीच्या आदल्या दिवशी जन्मला. आई बाळंतीण, त्यामुळे त्या वर्षी घरात पुरणपोळी झाली नाही आणि मी दिवसभर भोकाड पसरलं होतं. म्हणून त्याचा जन्म माझ्या पक्का लक्षात आहे. पोटाची आठवण कधी चुकत नाही.

त्याला शाळेत घालायची वेळ आली तेव्हा आमचे कान्हूमामा नुकते निवृत्त झाले होते. मामा पेणला सरकारी कचेरीत शिपाई होते. तब्येत ठणठणीत, दात शाबूत, आणि एके दिवशी हार घालून घरी पाठवलेलं. आपल्याला आणखी दोन वर्षं सहज ओढता आली असती, बापाने शाळेत वय खरं लिहिलं तिथेच घात झाला, असं ते ज्याला त्याला सांगत. ज्याच्या घरी पोर शाळेत जाणार त्याच्याकडे मामा आपणहून जाऊन बसत आणि दोन वर्षं कापायला सांगत. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. इथे बैल आमचा होता.

शाळेत बाबांबरोबर प्रविणचा हात धरून मीच गेले होते. मास्तरांनी जन्मतारीख विचारली. बाबांनी मामांनी पढवलेली एक जूनची तारीख सांगितली, साल दोन वर्षं पुढचं. मला वाटलं बाबा चुकले. मी मोठ्याने म्हटलं, नाय मास्तर, हा त्याच्या आधीचा, शिमग्यातला हाय. बाबांनी तिथल्या तिथे माझ्या थोबाडीत मारली. मास्तरांनी मान वर केली नाही. त्यांच्या वर्गातली निम्मी पोरं एक जूनला जन्मलेली होती, त्यांना काय नवल. खरं बोलल्याबद्दल मार खायची ती माझी पहिलीच वेळ, आणि तो राग मी पुष्कळ वर्षं सांभाळला.

वय सोडलं तर प्रविणच्या बाबतीत बाकी सगळं खरं होतं. अभ्यासात खरा, वागण्यात खरा. सरकारी शिष्यवृत्ती मिळवून तो विमान चालवायला शिकला. गावात आधी कोणाला पटेना. जनूचा पोर विमानात पाणी देतो, असंच लोक धरून चालले. शिकत होता त्या फ्लाइंग क्लबात त्याला आमच्या रोह्याचाच फारुख भेटला. फारुखचे वडील आखातात, घरी आई हलीमाखाला आणि मोठं थोरलं अंगण. दोघे सुट्टीत एकत्र यायचे. झोपायला माझ्याकडे, जेवायला हलीमाखालाकडे. माझ्या हातच्या कालवणाला नावं ठेवून वर तिच्याकडच्या सांदणांचं कौतुक मला ऐकवायचे.

ब्याण्णव-त्र्याण्णवनंतर खाजगी विमानकंपन्यांचं पेव फुटलं. त्यातल्या एका लहान कंपनीत हे दोघे एकाच दिवशी रुजू झाले. दोन पंख्यांची छोटी विमानं, छोट्या शहरांच्या फेऱ्या. पगारही बेताचा. पण या कंपनीत एक गोष्ट होती तिच्यासाठी पोरं तिथे धावत. तिचा एका मोठ्या कंपनीशी करार होता. लहान कंपनीने पायलट तयार करायचे, आणि मोठीकडे जागा निघतील तसे तिने ते क्रमाने घ्यायचे. मुलाखत नाही, ओळख नाही, वशिला नाही. तुमचा नंबर आला की तुम्ही मोठ्या जेट विमानावर. बाबांना त्या कराराचं फार कौतुक. कोणाच्या पाया न पडता पोर वर जातंय, यापेक्षा माणसाला काय पायजे, असं ते म्हणायचे.

रांग रुजू झालेल्या तारखेची. आणि एकाच दिवशी दोघे आले असतील तर जो वयाने मोठा तो पुढे. फारुखचं वय खरं होतं, कारण आखातात न्यायला वडिलांनी त्याचा पासपोर्ट काढला आणि त्याला जन्माचा दाखला लागला. आमच्या प्रविणपेक्षा तो दीड वर्षाने लहान. कागदावर मात्र मोठा. त्यामुळे फारुख पुढे आणि प्रविण त्याच्या मागे. तेव्हा ही गोष्ट कोणाच्या ध्यानातही आली नाही. एका नंबराचं काय एवढं.

शहाण्णवला मोठ्या कंपनीने माणसं मागितली. रांग फारुखपर्यंत आली आणि थांबली.

प्रविणने हे मला माझ्या स्वयंपाकघरात सांगितलं, आणि हसत सांगितलं. पुढच्या वर्षी पहिला नंबर माझाच ताई, म्हणाला. मला त्याचा राग आला आणि फारुखचा त्याहून जास्त. संध्याकाळी फारुख आला. मी पुढ्यात ठेवलेल्या ताटाला त्याने हात लावला नाही. मी मागे सरतो, तू जा, असं तो प्रविणला म्हणत होता. पण नियम असा की एकदा नाही म्हटलं की पुन्हा बोलावणं नाही. प्रविणने त्याला चक्क शिव्या घातल्या, आणि मग दोघे एका ताटात जेवले. त्यानंतर फारुखवर रागावणं मला काही जमलं नाही.

होळीला प्रविण गावी गेला तेव्हा कान्हूमामाही आले होते. त्यांच्यासमोर त्याने ही सगळी गंमत म्हणून सांगितली. मामा, तुम्ही वय कापलं नसतं तर मी आज पुढे असतो, असं म्हणाला आणि पोळी मागून घेतली. मामांनी विषय हवेवर नेला. बाबा मात्र त्या दिवशी पानावरून अर्ध्यावर उठले.

मग हलीमाखालाने रोह्याला दावत दिली, रविवारी दुपारची. फारुख मोठ्या कंपनीत जाणार म्हणून. अर्धी आळी जेवायला होती. लहान कंपनीतले त्यांचे वरिष्ठ, कॅप्टनसाहेब, मुंबईहून गाडी करून आले होते. करारातली नावं मोठ्या कंपनीकडे यांच्याच हातून जात. पांढऱ्या मिशांचा, जपून बोलणारा माणूस. बाबा जित्याला गाडीत बसून आले, नवी टोपी घालून. मला बरं वाटलं. पोराच्या मित्राचं कौतुक करायला म्हातारा आला, असंच मला वाटलं.

जेवणं झाली. साहेब ओसरीवर चहा घेत होते. बाबा त्यांच्यासमोर जाऊन हात जोडून उभे राहिले.

"सायब, माझ्या पोराची तारीख मी खोटी लिवली. तो दोन वर्षांनी मोठा हाय. फारुखपरास मोठा हाय. चूक माझी हाय, त्याची नाय. तुमी ती सुधारा."

बाबांचे जोडलेले हात खाली येईनात. मिठागरावरच्या माणसाचे हात, भेगाळलेले, ते एवढ्या लोकांत असे धरलेले मला बघवेनात.

साहेब चिडले नाहीत. चिडले असते तर परवडलं असतं. त्यांनी बाबांना शेजारी बसवून घेतलं आणि हळूहळू समजावलं. हे खरं असेल तर प्रविणच्या लायसन्सवरची तारीख खोटी ठरते. आणि असं आपल्या कानावर आलं तर आपल्याला ते वर कळवावंच लागेल. मग चौकशी बसेल, ती संपेपर्यंत प्रविण विमानात पाऊल ठेवणार नाही, आणि पुढे काय होईल ते कोणी सांगावं. फारुखचा नंबर तर यातून मागे जाणारच नाही. हे सगळं सांगून झाल्यावर त्यांनी मला हाक मारली.

"तुम्ही थोरल्या बहीण ना? वडील म्हणतात ते खरं आहे का? मी एकदाच विचारतोय."

मी प्रविणकडे पाहिलं. तो दारात उभा होता. त्याच्या मागे फारुख पाण्याची कळशी घेऊन तसाच थांबलेला. बाबा माझ्याकडे बघत होते. त्या नजरेत भरवसा होता, तो मला अजून दिसतो. ही पोर खरं सांगणार. खरं सांगितलं म्हणून तर हिने मार खाल्ला होता.

"नाय सायब," मी म्हटलं. "प्रविण जूनचाच. मला चांगलं आठवतंय. बाबांचा आता वयामुळे गोंधळ होतो."

साहेबांनी लगेच मान हलवली. इतक्या लगेच की त्यांना खरं काय ते कळलं होतं हे मला समजलं. चहा छान झालाय म्हणाले आणि आणखी मागितला. बाबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि तिच्याकडे बघत बसले.

भावाला वाचवलं म्हणून मला वाईट वाटत नाही. वाईट वाटतं ते पुढच्याचं. त्या दिवसापासून बाबा गोंधळलेले ठरले. हलीमाखाला भली बाई, पण भेटली की त्यांच्या डोक्याची चौकशी करायची आणि कुठलं तरी तेल सुचवायची. गावात ही गोष्ट आमच्याआधी पोचली होती. लोक त्यांच्याशी मोठ्याने, एकेक शब्द तोडून बोलायला लागले. मिठागराच्या बांधावरून भांडण निघालं की पूर्वी जनूला बोलवा म्हणायचे, ते बंद झालं. आणि कान्हूमामा, ज्यांच्या अकलेने हे झालं, ते मला म्हणाले, तुझ्या बापाला जरा सांभाळ गो, त्याचं काय खरं नाय. मी मामांना त्यानंतर सणालाही बोलावलेलं नाही. बाबांनी मात्र कोणाला उलट सांगितलं नाही. आपण वेडे ठरलो तर पोराचं विमान चालू राहतं, एवढा हिशेब त्यांना पुरला असावा.

आणि विमान तरी कुठे चालू राहिलं. दैव देतं आणि कर्म नेतं. पुढच्या वर्षी पहिला नंबर प्रविणचाच होता, पण मोठ्या कंपनीने एकही माणूस मागितला नाही. धंदा बसला होता. त्याच्या पुढच्या वर्षी त्यांनी करारच मोडला. ज्या करारासाठी पोरं येत होती तो गेल्यावर लहान कंपनीत राहिलं काय. विमानं एकेक करून उभी राहिली आणि कंपनी बंद झाली. प्रविणने दुसरीकडे पुष्कळ खेटे घातले. मोठं विमान चालवल्याशिवाय मोठं विमान कोणी देईना, आणि छोटी विमानं चालवणारे सगळेच त्याच्यासारखे रिकामे फिरत होते. फारुख फोन करायचा, कोणाकोणाशी बोलायचा, पण तिथे आता ओळखीचंही काही चालत नव्हतं. एका नंबराने एक भाऊ वर गेला आणि एक खाली राहिला. फारुखलाही मी भाऊच म्हणते.

शेवटी गेल्या पावसाळ्याआधी प्रविणला इथेच धाटावला, एका केमिकल कंपनीत काम मिळालं. सेफ्टी खात्यात, शिफ्टची नोकरी. राहायला माझ्याकडे आला. रुजू झाला त्या दिवशी बाबा गावाहून आले होते. संध्याकाळी आम्ही तिघे जेवायला बसलो. आज काय झालं ते प्रविण सांगत होता, आणि सांगता सांगता म्हणाला, "बाबा, तुमची दोन वर्षं इथे कामाला आली बघा. अठ्ठावन्नला रिटायर करतात. कारकून म्हणाला, तुम्हाला पुष्कळ वर्षं आहेत अजून."

तो टोमणा नव्हता. टोमणा मारता येत असता तर त्याचं एवढं नुकसान झालंच नसतं. बापाला बरं वाटावं म्हणून तो बोलला होता. बाबांनी हातातली भाकरी ताटात ठेवली.

मी मागच्या दारी भांडी घासायला बसले तेव्हा ते हात धुवायला आले. हात धुतले, तरी तिथेच उभे राहिले.

"चंद्रे, त्या दिशी शालंत तू खरा बोललीस. मी तुला मारला."

हे वाक्य ऐकायची मी किती वर्षं वाट पाहिली होती. त्यावर काय बोलायचं तेही ठरवून ठेवलं होतं, आणि ते चांगलं झणझणीत होतं. पण बाबा भिंतीला हात टेकून उभे होते आणि त्यांच्या बोटांवरून पाणी गळत होतं. माझ्याने होईना.

"मला नाय आठवत बाबा," मी म्हटलं.



"तुझापन आता गोंधळ व्हतो काय गो," ते म्हणाले, आणि पंच्याला हात पुसून आत गेले.