साखरेचं माफ

मसूदाने माशाच्या पोटात सुरी घातली, आतडी ओढून बादलीत टाकली आणि मान वर केली, तर समोर देदाह उभा. निळा झगा दोन्ही हातांनी वर धरून, घाटावरच्या चिखलापासून जपत.

“आई जायला टेकलीय, मसूदा. जीव तुझ्यात अडकलाय तिचा. चल, एकदा माफ केलं म्हण.”

“मासे कापायचेत.”

“अगं, आपण एका दुधाची. तुझ्या आईने मला पाजलंय.”

“माझ्या वाट्याचं पाजलंय.”

शेजारच्या बाया फिस्सकन हसल्या. देदाहचा गोरा चेहरा लाल झाला, पण तो हलला नाही.

त्याच्या घरात मसूदा गुलाम म्हणून जन्मली होती. तिची आईही, आईची आईही. गुलामी कायद्याने संपल्याचं वाळवंटातल्या त्या तळावर कुणी त्यांना सांगितलंच नव्हतं. मसूदाची धाकटी बहीण जैदा नुकती दुधावरून सुटली होती, तेव्हा देदाहच्या आईने, तेकबेरबाईंनी, तिला भाचीच्या लग्नात आहेर म्हणून दिली. सोबत उंटीण आणि गालिचा. भाची पूर्वेकडे निघून गेली. मसूदाची आई मरेपर्यंत येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक उंटवाल्याला विचारत राहिली. तिला पुरलं आणि मसूदा पळून शहरात आली.

तिने सुरी धुतली आणि देदाहच्या गाडीत बसली. माफी द्यायला नाही. नाही म्हणताना म्हातारीचं तोंड बघायला. वाटभर ती तो एकच शब्द दाढेखाली घोळवत होती.

तंबूत सगळं घराणं जमलं होतं. तेकबेरबाई गादीवर वाळून काटकी झाल्या होत्या.

“आलीस? ती साखरेची ढेप गं. तुला चोर म्हणून मारलं मी. शेळीने खाल्ली होती, मागाहून कळलं. अल्लाह विचारेल मला. माफ कर.”

मसूदा पुढचं ऐकायला थांबली.

“आणखी?”

“आणखी काय? पोटच्या पोरींसारखं वागवलं तुम्हांला.”

भोवतालच्या माना हलल्या. दाढेखालचा शब्द तसाच राहिला. एवढ्याशा थपडेवर तो खर्चायला मसूदाचं मन होईना.

“साखरेचं माफ,” ती म्हणाली.

देदाहने अल्लाहचं नाव घेतलं. म्हातारीचे डोळे सुखाने मिटू लागले.

“जैदा कुठं आहे?”

“कोण जैदा?”

“भाचीला आहेर दिलीत ती.”

“ती होय. ती दिली मी. माझीच होती...”

जपमाळेवरची बोटं थांबली. म्हातारी पुटपुटली, “तेही माफ कर गं.”

“ते माझ्या हातात नाही. जैदाचं जैदाला विचारा.”

“अगं, कुठं सापडायची ती आता?” देदाह म्हणाला. “असेल तरी का?”

“शोधा. आमच्या आईने शोधलं. आता तुम्ही शोधा.”

“आणि तोवर आई?”

“थांबतील त्या.”

“मरणाऱ्याशी कसलं गं वैर?” सून म्हणाली. मसूदाने तिच्याकडे पाहिलंही नाही.

म्हातारीने कोपरावर उठायचा प्रयत्न केला. जमलं नाही.

“जा देदाह,” ती म्हणाली. त्या आवाजात भीती मसूदा पहिल्यांदाच ऐकत होती. “लवकर जा.”

गाडी पूर्वेकडे गेली. धुरळा बसला तशी माणसंही पांगली. मसूदाने चटई गादीशी ओढली आणि ऐसपैस बसली.

“तू जात नाहीस?”

“जैदा आली तर तुम्ही तिला ओळखायच्या नाहीत.”

ऊन तंबूच्या दोऱ्यांवरून सरकत गेलं. म्हातारीची नजर दारावरून हलेना. मग सवयीने ती मसूदाकडे वळली.

“पाणी.”

मसूदाचा हात मडक्याकडे निम्म्यावर गेला. तिने तो परत मांडीवर ठेवला.

“सुनेला हाक मारा,” ती म्हणाली.