रजियाआपांचं कार्ड

कापसाच्या उकललेल्या पऱ्हाटीवर कार्तिकातलं कोवळं ऊन पसरलं की मला आधी रजियाआपांचं बोट आठवतं. बोंडांची टोकं टोचून टोचून राठ झालेलं, काळवंडलेलं ते बोट त्यांनी रोहिणखेडच्या आपल्या ओट्यावर बसून माझ्यापुढे निःशंकपणे धरलं होतं. राष्ट्रीय आरोग्य सर्वेक्षणासाठी घरोघर फिरून माहिती भरायची आणि रक्त तपासायचं, हे तेव्हाचं माझं काम; त्यासाठी काही दिवस गावातच मुक्काम होता. पहिल्या टोचणीला रक्त आलंच नाही. आपा हसल्या.

"कापसानं पिऊन घेतलं असन, बाई. अजून टोचा, मले काई होत नाई."

साडीवर नवऱ्याचा जुना, लांब बाह्यांचा सदरा हा त्यांचा शेतावरचा वेष. कितीही धुतला तरी त्याला फवारणीच्या औषधाचा उग्र दर्प येत असे. बीटीचं बियाणं आलं तेव्हा आता अळी लागायचीच नाही, असं गावोगाव छातीठोक सांगितलं गेलं होतं. पुढे त्याच बोंडांच्या पोटात गुलाबी अळी निघाली आणि ड्रमातल्या पाण्यात औषध कालवणं पुन्हा बायांच्या गळ्यात पडलं. आपा ते कोपरापर्यंत हात बुडवून कालवत. मशिदीच्या जुन्या दगडांवरून संध्याकाळ उतरू लागली की त्यांच्या श्वासात बारीक शीळ उमटे, वाक्य अर्ध्यावर थांबे, आणि थांबलेलं वाक्य आपा हाताच्या एका हलक्या झटक्याने पुरं करत.

"फवाऱ्याचं काई उतरलं का रक्तात?" त्यांनी विचारलं. "यंदा पोरीले, शबानाले, ड्रमावर धाडाव का नाई, त्याचाच घोर हाय."

माझ्या यंत्राला फक्त हिमोग्लोबिन कळत होतं. हे मला ठाऊक होतं, आणि सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण अजून बरीच घरं उरली होती. कार्डावर आकडा लिहून मी म्हटलं, "रक्त चांगलं आहे, आपा. काळजी करू नका." त्यांनी ते कार्ड दोन्ही हातांनी घेतलं आणि कपाळाला लावलं.

पुढे मी संशोधनाकडे वळले. श्वासाच्या विकारांचा माग काढायचा म्हणून त्याच सर्वेक्षणाची आकडेवारी उघडली, तेव्हा रांगांमागून रांगा सरकू लागल्या: घरात चूल की गॅस, चूल आत की बाहेर, विडी कोण ओढतं. औषध कोण कालवतं, हे कुठेच विचारलेलं नव्हतं. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! नावं तर नव्हतीच. कुणी ओळखू येऊ नये म्हणून गावांची नकाशावरची ठिकाणंदेखील मुद्दाम थोडी सरकवलेली होती. ते योग्यच होतं. तरी मला फसवल्यासारखं वाटलं, संताप आला, आणि मग आठवलं की आपांना फसवणारी पहिली मीच होते.

गेल्या हिवाळ्यात रोहिणखेडला गेले. आपा नव्हत्या. ओट्यावर शबाना बसली होती, अंगात तोच सदरा. तिने मला ओळखलं, आत जाऊन प्लास्टिकच्या पिशवीत जपलेलं कार्ड आणलं.

"अम्मीचा लय भरवसा होता तुमच्यावर," ती म्हणाली. "म्हने, सरकारनं रक्त पाह्यलं, फवाऱ्याचं काई निंगालं नाई. मंग बिनघोर मले ड्रमावर..."

वाक्य अर्ध्यावर थांबलं. श्वासात तीच शीळ होती, आणि उरलेलं तिने हाताच्या तशाच हलक्या झटक्याने सांगितलं. मग तिने आपलं बोट माझ्यापुढे धरलं.

"आता माहं बी पाहून सांगा ना, बाई."

माझ्याजवळ सुई नव्हती, यंत्र नव्हतं. काळाने आपांना नेलं, कार्डावरचा आकडाही पुसट केला. मी घाईत बोललेलं ते एक वाक्य तेवढं त्याने जसंच्या तसं ठेवलं आहे.