तिसऱ्या मागणीची सही

मी बेसबॉलचा ग्लोव्ह बोलतोय. दचकू नका. बॅट बोलली असती तर तुम्ही कौतुकानं ऐकलं असतं, कारण तिचा आवाज मोठा. गुपचूप झेलणाऱ्याचं ऐकून घ्यायची सवय आपल्याकडे फारशी नाही.

जन्म माझा जालंधरचा. अंगावरचं चामडं म्हशीचं. तिला कुणी विचारलं नसणार, पण न विचारण्याची गोष्ट पुढे येणारच आहे, तेव्हा इथे थांबत नाही.

तिथून मी साकोलीजवळच्या एका शाळेत आलो आणि थेट कपाटात गेलो. खेळाचं साहित्य खराब होऊ नये म्हणून ते खेळायला द्यायचंच नाही, असा त्या शाळेचा शिरस्ता होता. तपासणीला साहेब आले की मला बाहेर काढून पुसायचे, साहेब गेले की पुन्हा कुलूप. मग एका वर्षी खेळाच्या सरांच्या लक्षात आलं की आपल्या जिल्ह्यात बेसबॉलचे संघच नाहीत, नुसतं हजर राहिलं तरी संघ पुढच्या फेरीत जातो. सरांचं क्रीडाप्रेम त्या दिवशी उफाळून आलं. कुलूप उघडलं आणि मी रुचिकाच्या डाव्या हातात गेलो.

रुचिका म्हणजे सेवकरामची लेक. लाखनीकडच्या एका गावात तलावाखाली त्यांच्या धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, आहेत. रोवणीच्या दिवसांत बांधावर उभं राहून पऱ्ह्यांच्या, म्हणजे भाताच्या रोपांच्या, पेंढ्या फेकायचं काम लहानपणापासून तिचं. चिखलात वाकलेल्या बायांपैकी जिच्या हातातले पऱ्हे संपत आले, तिच्या पुढ्यातच पेंढी पडली पाहिजे. डोक्यावर पडली तर शिव्या, मागे पडली तर जास्त शिव्या. अशा तालमीतून आलेल्या पोरीला चेंडू फेकायला कुणी काय शिकवणार? सर मात्र 'माझी विद्यार्थिनी' म्हणत पेपरात फोटो छापून मोकळे झाले. मला एवढंच ठाऊक की चेंडू माझ्यात येऊन थपकन बसला की ती हसायची. घरी ती फारशी हसत नसे.

बारावी झाली, शाळेनं मला तिच्याकडेच राहू दिलं, अठरावं सरलं आणि मुलींच्या नव्या लीगमध्ये नागपूरच्या संघानं तिला निवडलं. अशा निवडीचे नियम मोठे गमतीचे असतात. खेळाडू हौशी असेपर्यंत, ज्या संघानं तिला निवडलं त्यानंच तिच्याशी बोलायचं. शनिवारी संध्याकाळी पाचपर्यंत तिची सही झाली तर ठीक, नाहीतर पुढच्या वर्षीच्या निवडीत पुन्हा नाव. तिला सल्ला कुणीही द्यावा, पण तिच्या वतीनं बोलणी कुणी करायची नाहीत. गावानं यातला सल्ल्याचा भाग तेवढा मनापासून पाळला. पानठेल्यापासून पाटलापर्यंत सगळे सल्लागार झाले.

बोलणी करायला आले भैयाजी. हे रुचिकाच्या आईचे, शेवंताबाईंचे, थोरले भाऊ, म्हणजे तिचे मामा. पंचक्रोशीतली लग्नं जमवण्यात त्यांची हयात गेलेली. सेवकराम बिचारा गरीब गाय. 'भैयाजी म्हनतील तसं' हे त्याचं एकमेव मत.

संघाकडून रंजिता मॅडम आल्या. भैयाजींनी अंगणात खुर्च्या मांडल्या, पोह्यांवर तर्री ओतवली, तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत विचारलं, "तुमचा संघ कुठचा जी? मानसं कशी हायेत? पोट्टीले सांभाळून घेतील ना?"

मॅडमनी सगळं नीट सांगितलं: राहण्याची सोय, कोच, दोन वर्षांचा करार. मग म्हणाल्या, "मामाजी, तुमच्याशी बोलणी करायची मला परवानगी नाही. नियमाप्रमाणे मी रुचिकाशीच बोलायला हवं."

"आमच्यात पोरगी बोलत नाही," भैयाजी म्हणाले. "आमी इचार करून सांगतो."

मॅडम गेल्यावर रुचिका म्हणाली, "मामाजी, मले जायाचं हाय. काहून नाही सांगतलं तुमी?"

"पहिल्या मागणीले हो म्हनलं का पोरगी सस्ती होते, बाई. दुसरीले आपन विषय काढाचा. तिसऱ्यांदा आले का मंग हो म्हनाचं."

हसू नका. मला या माणसाचा रागही येतो आणि कीवही येते. जन्मभर ते मुलीकडचे म्हणून हात जोडून उभे राहिले. नवरदेवाकडच्यांचे रुसवे काढले, वरातीत जावयाच्या मित्रांची बोलणी खाल्ली, दोन लेकींच्या साक्षगंधात मान खाली घातली. आज पहिल्यांदा कुणीतरी गाडी करून त्यांच्या भाचीला मागायला आलं होतं. ती मागणी कशासाठी आहे हे पाहायला त्यांना सवडच नव्हती. मानाचं ताट समोर आलं होतं, ते भैयाजी पुरवून पुरवून खात होते.

शुक्रवारी मॅडम पुन्हा आल्या. भैयाजींनी अटी घातल्या: सामन्याला गावातून गाडीभर माणसं येतील, त्यांचं जेवण संघाकडे. मामाला शेला-टोपी. आणि संघाचा मालक स्वतः घरी यायला पाहिजे. मॅडमनी कपाळाला हात लावला आणि जाताना रुचिकाला म्हणाल्या, "मी उद्या साकोलीच्या बसस्टँडवर पाचपर्यंत थांबते. आता परत येणं जमणार नाही."

शनिवारी भैयाजी पांढरा सदरा घालून अंगणात बसले. तिसऱ्या मागणीची वाट पाहत. दुपार कलली. रुचिका मला छातीशी धरून उभी होती आणि तिचं काळीज माझ्या चामड्यातून मला ऐकू येत होतं. पुढच्या वर्षी पुन्हा नाव लागेल, हे नियमात लिहिलं होतं. पण लाखांदूरचं एक स्थळ सेवकरामच्या कानावर आलंय, हे नियमाला कुठून कळणार? पुढच्या वर्षी मी कपाटात आणि ती कुणाच्या तरी चुलीपुढे, एवढं मला दिसत होतं.

"मामाजी, आपनच जाऊ ना साकोलीले."

"पोरगी आपन होऊन जात नाही! नाक कापाचं हाय काय माहं?"

तेव्हा शेवंताबाई घरातून बाहेर आल्या. पायात चपला, हातात पिशवी.

"दादा, माह्या वेळेस यायच्याकडचे तीनदा आले होते," त्या नवऱ्याकडे बोट करून म्हणाल्या. "तू तिसऱ्यांदा हो म्हनलं. मले कोनी एकदा तरी इचारलं होतं काय?"

भैयाजी पुन्हा खर्रा घोटायला लागले. सेवकराम जमिनीकडे पाहू लागला, जसं काही तिथे उत्तर सांडलंय.

"चाल वो रुचिका. एसटी येऊन राहिली."

त्या दिवशी एसटीही वेळेवर आली; देव अधूनमधून असा शहाण्यासारखा वागतो. साकोलीच्या स्टँडवर, रसवंतीच्या बाकड्यावर, मॅडमनी कागद पुढे केले. रुचिकानं मला मांडीवर ठेवलं, सगळं वाचलं, दोन प्रश्न विचारले आणि सही केली. साक्षीदार म्हणून शेवंताबाईंनी सही केली, इतकी सावकाश की रसवाल्यानं चरक थांबवला.

परतताना मी खुशीत होतो. पण करारात एक कलम होतं: खेळाडूनं संघाचंच साहित्य वापरायचं. रुचिका नागपूरला गेली, नवा ग्लोव्ह मिळाला, मी मागे राहिलो. वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू, फार वाईट वाटलं. मग भैयाजी 'आठवण' म्हणून मला उचलून घेऊन गेले, आणि आता मी त्यांच्या ओसरीवर खुंटीला असतो. कुणी आलं की ते मला हातात चढवतात (तेही उजव्या) आणि आपण हा करार कसा जमवला ते सांगतात. त्या गोष्टीत एसटी नाही, साकोली नाही, शेवंताबाई तर नाहीतच.

परवा त्यांच्या धाकट्या लेकीला, मोनाला, मागायला पाहुणे तिसऱ्यांदा आले. भैयाजींनी मला चढवलं, गोष्ट सांगितली आणि मान डोलावत म्हणाले, "आता आमचं हो हाय जी."

मोना चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. शांतपणे म्हणाली, "बाबा, कोनाले इचारून?"

भैयाजी मला हातातून ओढून काढू लागले. चहा तेवढा सगळ्यांनी घेतला.

मी परत खुंटीवर आलोय आणि उत्तराची वाट पाहतोय. तुमच्या घरी या प्रश्नाचं उत्तर कुणी देत असेल, तर कृपा करून जरा मोठ्यानं द्या. मला इथवर ऐकू यायला हवं.