गाडीचं दावं

धवलची गाडी विकायची हे अंबिकेनं ठरवलं आणि ती कशी विकायची हे मी ठरवायचं होतं. आमच्या घरात कामाची वाटणी साधारण अशीच असते.

धवल आमचा मुलगा. चारही चाकांनी ओढ घेणारी, डोंगर चढणारी, नदीतून जाणारी ती काळी गाडी त्यानं हौसेनं घेतली आणि तो कॅनडाला निघून गेला. श्रीगोंद्यात नदी आहे, पण तिच्यावर पूल आहे. गाडी अंगणात उभी राहिली. पायरी एवढी उंच, की गुडघे दुखणाऱ्या अंबिकेला मी मागून ढकलल्याशिवाय आत जाता येईना. एकदा शेजाऱ्यांनी ते पाहिलं. त्यानंतर ती त्या गाडीत बसली नाही. पाथर्डीला तिची धाकटी बहीण असते. वर्ष झालं, भेट नाही.

"मला बुटकी गाडी हवी," ती म्हणाली. "मी माझी चालवीन. तुम्ही फक्त ही घालवा."

गिऱ्हाईक आलं ते घोडेगावचं. सहादेव, जनावरांचा व्यापारी. त्यानं बॉनेट उघडलं नाही. आधी समोर उभा राहून गाडीच्या नजरेला नजर दिली, मग बाजूनं फिरला आणि मागं एक थाप मारली.

"खोड काय, भाऊसाहेब?"

"खोड म्हणजे?"

"बुजती का, आडून बसती का? आधी सांगितलं की पाप लागत न्हाई."

मी विचार केला. "डिझेल फार पिते."

"पिनारच. अंगानं बगा की."

"आणि तुम्हाला कशाला एवढी मोठी?"

"बाजारात लई चिखुल असतो. आन् व्यापारी मोठ्या गाडीतनं उतारला, की समोरचा नीट बोलतो."

व्यवहार चहा निवायच्या आत झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी पैसे बँकेत आले, सह्या झाल्या. मी बटण दाबून गाडी चालू करून दिली, खाली उतरलो आणि किल्ली त्याच्यापुढं धरली. त्यानं माझीच मूठ मिटवली.

"दावं मालकाकडंच ऱ्हातं, भाऊसाहेब. जनावर द्यायचं, दावं न्हाई. दाव्यासंगं घरची बरकत जाती. घेनाऱ्यानं आपली दोरी आनायची."

"अहो, पण ही किल्ली आहे."

"तेच म्हनतोय मी."

जिल्हा परिषदेतल्या नोकरीत मी एक शिकलो होतो. माणूस एवढ्या खात्रीनं बोलू लागला, की त्याच्याकडं शासन निर्णय असतो. मी किल्ली खिशात टाकली. गाडी पीं पीं करत फाटकाबाहेर गेली. अंबिका दारात आली.

"किल्ली नाही दिलीत?"

"घेत नाहीत."

"मग गाडी कशी गेली?"

"तेच बघतोय."

धवल म्हणायचा, गाडी फार हुशार आहे. असेल, म्हटलं.

दुपारी फोन आला. नगरच्या पुढं एका रसवंतीवर सहादेव रस प्यायला थांबला होता. "भाऊसाहेब, बसली. उठंना."

मी एस.टी. धरून गेलो. किल्ली खिशात होती. गाडीजवळ पोचतोय तोच तिचे दिवे लागले, आरसे उघडले. सहादेवनं रसवाल्याकडं पाहिलं, रसवाल्यानं माझ्याकडं.

"धनी वळाखला," सहादेव हळव्या आवाजात म्हणाला. "चार दिस करतंच जनावर असं."

मी त्याला समजावलं, की किल्ली जवळ असल्याशिवाय ही चालू होत नाही, दुसरी किल्ली धवलनं कॅनडात हरवली आहे, तेव्हा कृपा करून ही घ्या. त्याला सगळं समजलं. माझ्यापेक्षा जास्त समजलं.

"म्हंजी आता दुसरी दोरी आनायची. सांगतो कंपनीला."

"तोवर ही घ्या की."

"तुमच्या घरची बरकत मी न्हेऊ? वहिनींनी काय वंगाळ केलंय माजं? न्हाई जमत तर व्यवहार मोडू. गाडी परत घ्या."

मला अंबिकेचा चेहरा दिसला. आदल्या संध्याकाळी सहादेवचा होकार येताच तिनं बुटकी गाडी ठरवली होती. रंगसुद्धा सांगितला होता.

"मोडायचं नाही," मी म्हटलं आणि गाडीत बसलो.

कंपनी म्हणाली, किल्ली परदेशातून येईल. कधी, ते म्हणाली नाही. मी एकदा किल्ली गुपचूप सीटखाली सारून घरी आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी सहादेवचा माणूस दारात हजर, हातात किल्ली आणि वर नारळ. "धनी म्हनले, पडली असंल." गाडी? ती तिकडं घोडेगावात आडून बसलेली.

तेव्हापासून ज्या दिवशी बाजार, त्या दिवशी किल्ली घेऊन मी गाडीत. गाडी विकण्यापूर्वी मी तिच्यातून दवाखान्यापलीकडं कुठं गेलो नव्हतो. विकल्यापासून निम्मा जिल्हा झाला. आताशा लोक मला बैलाचे दात दाखवतात. मी बघतो आणि मान हलवतो. परवा त्या मान हलवण्यावर एकाचा सौदा मोडला. कोणत्या बाजूनं हलली होती, ते मलाही सांगता आलं नाही.

काल घोडेगावच्या बाजारात असताना अंबिकेचा फोन आला.

"पोचले हो पाथर्डीला. एकटी, बुटक्या गाडीतून. आपली आपण बसले, आपली आपण उतरले."

तिचा असा आवाज मी बऱ्याच दिवसांनी ऐकला. मागं बहीण हसत होती.

"परत कधी?"

"राहते आठवडाभर. तुम्ही कुठं आहात?"

"बैलांत."

"जेवलात?"

"नाही अजून. अंबिका, आपण गाडी विकली ना गं?"

"विकली की. म्हणून तर मी इथं आले."

हे अगदी बरोबर होतं. मी त्यात चूक शोधत उभा राहिलो, तोवर सहादेवनं हाक मारली.

"बसा, भाऊसाहेब. लोनीला निगायचंय."

"लोणीला जातोय," मी फोनमध्ये सांगितलं.

"का?"

"ते बसल्यावर विचारतो," मी म्हणालो.