रविवारचा पंचनामा

आमच्या घरात माणसांबद्दल वाईट बोललं की आई रागवायची. गाड्यांबद्दल मात्र कितीही वाईट बोलायला मुभा होती, आणि बाबांनी आणि माझ्या धाकट्या भावाने त्या मुभेचा पुरेपूर फायदा घेतला. शेजारी कुणी नवी गाडी आणली की लोक खाली जाऊन अभिनंदन करायचे. आमचे दोघे गॅलरीतून तिचं तोंड बघायचे. "हेडलाइट बघ, रडून रडून डोळे सुजलेत," बाबा म्हणायचे. भावाला तेव्हा धड बोलता येत नव्हतं, पण कुठे हसायचं ते बरोबर कळायचं.

बाबा गाड्यांच्या सीट बनवणाऱ्या कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. सीटचा सांगाडा, फोमची जाडी, पाठीचा कोन, हे त्यांचं काम. तरुणपणी एकदा गाड्यांच्या डोंगरचढाईच्या शर्यतीत ते तिसरे आले होते. तिसरे आल्याचं ते सांगायचे, चौघेच धावले होते हे आई सांगायची. टीव्हीवर शर्यत लागली की बापलेक सोफ्याच्या कडेला येऊन बसत आणि दोन तास नुसतं तोंडसुख घेत. "हे कसले ड्रायव्हर? कानात इंजिनिअर बोलला की वळतात. आणि टायर बघ कसे जपतात, उसन्या चपला जपाव्यात तसे." अमकी कंपनी पूर्वी गाड्या बनवायची, आता मोबाइलला चाकं लावते. तमकीच्या डिझायनरला आरसा भेट द्यायला हवा. हे सगळं मी इतक्यांदा ऐकलंय की झोपेतही म्हणून दाखवीन. माझं मत मात्र त्या सोफ्यावर कुणी कधी विचारलं नाही. भावाला बाबांनी मांडीवर बसवून स्टिअरिंग हातात दिलं. मी गाडी शिकले ती ड्रायव्हिंग स्कूलमध्ये, नोकरीला लागल्यावर.

आई गेली, मी लग्न होऊन शहराच्या दुसऱ्या टोकाला आले. भाऊ आणि बाबा जुन्या घरातच राहिले. ते घर चढावर आहे. बस खालच्या चौकापर्यंतच येते, त्यामुळे गाडी चालवता येणं म्हणजे तिथे पाय असणं. बाबा रोज गाडी काढायचे. वाचनालय, आत्याचं घर, आणि काहीच नसलं तर उगाच एक चक्कर. आत्या म्हणायची, "तुझा बाप चहा प्यायला येत नाही, गाडी दाखवायला येतो."

मग गेल्या वर्षी बाबांना अर्धांगाचा छोटासा झटका आला. हात आला, बोलणं आलं, डावं पाऊल मात्र पूर्ण आलं नाही. मी फिजिओथेरपिस्ट आहे, ते पाऊल मीच रोज हलवत होते. चालताना ते नीट उचललं जात नाही, आणि कशावर टेकलंय हे बाबांना बघितल्याशिवाय कळत नाही. डॉक्टरांनी तपासण्या करून स्वच्छ सांगितलं, गाडी चालवा, पण ऑटोमॅटिक, क्लच नसलेली. उजवा पाय उत्तम आहे. बाबांनी विचारलं, "म्हणजे चालवू शकतो ना?" डॉक्टर हो म्हणाले, आणि बाबा कितीतरी दिवसांनी हसले.

जुनी गाडी विकली आणि नवी घ्यायची ठरली. मी एक ऑटोमॅटिक गाडी सुचवली. उंच, चौकोनी, दिसायला अगदी सामान्य. माझ्या दवाखान्यातल्या सहकारी मैत्रिणीकडे तीच आहे. तिच्यात बसायला वाकावं लागत नाही आणि उतरताना कुणाचा हात धरावा लागत नाही.

भावाने असं तोंड केलं, जणू मी बाबांना वृद्धाश्रमात ठेवायला सांगतेय.

"ताई, ती गाडी नाही गं. फ्रिज आहे. ती कंपनी गाड्या बनवत नाही, घरगुती उपकरणं बनवते."

"बाबांना क्लच दाबता येणार नाही."

"येईल. क्लच हाच व्यायाम. तू रोज त्यांचा पाय धरून हलवतेस, तेच ते स्वतः करतील."

"अरे, तो पाय पेडलवर आहे की पेडलखाली हे त्यांना कळत नाही. व्यायाम कसला?"

"तू त्यांना पेशंट करून ठेवलंयस," तो म्हणाला. मग बाबांकडे वळून म्हणाला, "बाबा, तुम्ही सांगा. गिअर नसलेली गाडी चालवणार तुम्ही?"

भावाची ही ख्याती आहे. गाडीवेड्यांचा एक गट आहे, त्यात त्याला सगळे गुरुजी म्हणतात. लोक गाडी घेण्याआधी त्याला फोन करतात, आणि त्याने नाक मुरडलं तर केलेलं बुकिंग रद्द करतात. बाबांना याचा किती अभिमान. त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही. "त्याला कळतं त्यातलं," एवढंच म्हणाले.

तेव्हा बाबांच्याच पैशांनी भावाच्या पसंतीची गाडी आली. बुटकी, लाल, घट्ट क्लचची. "अशी गाडी आता पुन्हा कुणी बनवणार नाही," असं भाऊ येईल त्याला सांगत होता.

पहिल्या दिवशी बाबा ती घेऊन गल्लीत निघाले. भाऊ शेजारी, मी फाटकात. डावं पाऊल क्लचवरून सरकून पेडलखाली गेलं, गाडीने उडी मारली आणि फाटकाच्या खांबाला थडकली. कुणाला लागलं नाही, बंपर तेवढा गेला. भाऊ म्हणाला, "सवय होईल." बाबा म्हणाले, "हो, सवय होईल." नंतर महिनाभरात त्यांनी किल्ली हातात घेतली नाही. कधी ऊन होतं, कधी डोळे चुरचुरत होते, कधी मूडच नव्हता. गाडी हळूहळू भावाचीच झाली. त्याने तिला शर्यतीच्या गाडीत असतात तशा खोल सीट बसवल्या. बाबांनी एकदा त्या सीटच्या कडेवरून हात फिरवला आणि म्हणाले, "बाजूचा आधार फार उंच घेतलाय. मांडी वर उचलून टाकावी लागेल." आयुष्यभर सीटचे आराखडे काढलेल्या माणसाचं ते मत होतं. गुरुजींना ते ऐकू आलं नाही.

आत्याकडे जाणं बंद झालं. बाबा दिवसभर खिडकीशी बसून खालच्या गाड्यांना नावं ठेवायचे, पण आता एकटेच.

मला राहवलं नाही. मैत्रिणीची गाडी एका शनिवार-रविवारसाठी मागून घेतली, बाबांना फिरायला नेते म्हणाले आणि नव्या वसाहतीत गेले. तिथे रस्ते तयार आहेत, घरं अजून उभी राहिलेली नाहीत. मधोमध गाडी थांबवली आणि त्यांच्या बाजूचं दार उघडलं.

"तुम्ही घ्या."

"ही?" ते म्हणाले. पण उतरले, आणि लगबगीने उतरले.

गाडी आधी रांगत गेली, मग चालली, मग मला दाराची मूठ धरावी लागली. डावा पाय बाजूला स्वस्थ बसला होता. वळणावर वेग कधी कमी करायचा, कधी पुन्हा द्यायचा, सगळं जिथल्या तिथे होतं. चेहरा असा झाला होता की मी दुसरीकडे बघायला लागले, कारण मला रडू येत होतं. थोड्या वेळाने ते म्हणाले, "सीटची उंची कुणीतरी स्वतःच्या म्हाताऱ्या आईला बसवून ठरवलीय. हे काम ज्याने केलं ना, शहाणा माणूस आहे." मग आपण होऊन मोठ्या रस्त्याला लागले आणि न विचारता गाडी आत्याच्या दारात नेऊन उभी केली. आत्या बाहेर आली, ड्रायव्हरच्या जागी बाबांना बघून दारातच खाली बसली. चहाचे दोन कप झाले. निघताना तिने विचारलं, "उद्या येशील?" बाबा म्हणाले, "आता काय, कधीही येईन."

परतीच्या वाटेवर त्यांनी स्वतःच विषय काढला. ती लाल द्यायची भावालाच, आणि अशी एक घ्यायची. पण त्याला मी नाही सांगायचं, ते सांगणार होते. "उद्या रविवार आहे. त्याच्या लोकांसमोरच सांगतो. त्यांनाही कळू दे."

मी खूश होते. किती मूर्ख असावं माणसाने.

भावाचा गट रविवारी सकाळी टायरच्या दुकानामागच्या मोकळ्या जागेत जमतो. त्यांची एक रीत आहे. कुणी नवी गाडी आणली की ती मध्ये उभी करायची, बॉनेट उघडायचं, आणि प्रत्येकाने तिचा एकेक दोष सांगायचा. याला ते पंचनामा म्हणतात. मालकाने तोंड उघडायचं नाही, शेवटचा माणूस बोलेपर्यंत मूग गिळून उभं राहायचं. भाऊ म्हणतो की गाडीवर खरं प्रेम असेल तर माणूस हे सहन करतो.

त्या दिवशी घरापासून बाबांनीच गाडी चालवली. दुकानाच्या अलीकडच्या कोपऱ्यावर मात्र ती बाजूला घेतली आणि म्हणाले, "इथून तू घे. आत जागा अरुंद असेल." त्या जागेत ट्रक आरामात वळतो. मी जागा बदलली.

मी आत शिरले आणि जल्लोष झाला. "गुरुजींची ताई फ्रिज घेऊन आली," टायरवाला ओरडला. कुणीतरी बॉनेट उघडलं. मी सांगायला गेले की गाडी माझी नाही, तर भावाने ओठांवर बोट ठेवलं. मालकाने बोलायचं नाही.

मग एकेक जण पुढे आला. पुढची जाळी बघून गटातला दातांचा डॉक्टर म्हणाला, एवढे दात कुणालाच नसतात. दुसरा म्हणाला, ही गाडी विकताना सोबत झोपेच्या गोळ्या देतात का. टायरवाल्याने लाथेने चाक हलकेच ढोसलं आणि ही वळणावर वळते की अर्ज करते, असं विचारलं. बाबा त्यांच्यात उभे होते, हसत होते. भावाची पाळी आली तेव्हा सगळे गप्प झाले, कारण तो बोलतो छान.

"ही गाडी ज्यांच्यासाठी बनवलीय ना," तो म्हणाला, "त्यांना गाडी नकोच असते. त्यांना फक्त पोचायचं असतं. डाव्या पायाला पेन्शन, डोक्याला सुट्टी. ज्याला ही चालवावीशी वाटते, त्याने लायसन्स परत करावं. रस्ता आपल्यासाठी मोकळा होईल." टाळ्या पडल्या. मग तो बाबांना म्हणाला, "बाबा, शेवटचा शब्द तुमचा."

मी बाबांकडे बघितलं. आता सांगतील. वाक्य त्यांच्याजवळ तयार होतं, येताना गाडीत दोनदा म्हणून बघितलं होतं.

बाबांनी घसा साफ केला. "अशी गाडी माणूस चालवत नाही," ते म्हणाले. "नुसता तिच्यात ठेवलेला असतो, सामानासारखा."

हशा झाला. कुणीतरी म्हणालं, गुरुजींचे गुरुजी. भावाने बाबांच्या खांद्यावर हात टाकला, आणि बाबांचा चेहरा उजळला. त्या क्षणी मला कळलं की त्या सगळ्या थट्टेत भावाचं स्वतःचं असं काहीच नव्हतं. सोफ्यावरचं बोलणं होतं ते, बाबांचंच. आता मुलगा त्याच तराजूत बापाला तोलणार होता, आणि बापाला त्यात हलकं भरायचं नव्हतं. त्यापायी आत्याकडे जाणं सुटलं तरी चालेल.

मी रीत मोडली. "ही गाडी बाबांनी चालवत आणलीय," मी म्हणाले. "घरापासून. काल ते आत्याकडेही गेले होते. त्यांना ही गाडी हवी आहे."

 भावाने हात काढला नाही, पण बाबांकडे वळून बघितलं. "खरं?"

बाबांनी माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं. विनवणी होती.

"तिला मेलीला लहानपणापासून चेष्टेची सवय," ते म्हणाले. "कोपऱ्यापर्यंत जरा हात लावून बघितला, बस."

लोक पुन्हा हसले, सुटल्यासारखे. कुणीतरी बॉनेट लावलं. गट लाल गाडीकडे गेला, कारण भाऊ नवा सायलेन्सर ऐकवणार होता. "चला बाबा, तुम्ही पुढे बसा," तो म्हणाला, आणि ड्रायव्हरच्या जागी बसून त्याने इंजिन चालू केलं.

बाबा दुसऱ्या बाजूने गेले. दार उघडलं, त्या खोल सीटमध्ये कसेबसे मागे पडले. उजवा पाय आत गेला. डावा बाहेर राहिला, सीटच्या उंच कडेवरून येईना. भाऊ खिडकीतून लोकांशी बोलत होता आणि इंजिन गुरगुरवत होता. बाबांनी दोन्ही हातांनी मांडी धरून ओढली, पुन्हा ओढली, मग मान वर केली आणि मी कुठे आहे ते शोधलं.

मला त्यांचा इतका राग कधीच आला नव्हता. आईच्या शेवटच्या दुखण्याकडे त्यांनी दुर्लक्ष केलं, तेव्हाही नाही.

"पाय तेवढा आत ठेव गं," ते हळूच म्हणाले. "त्याला दिसायच्या आत."

मी वाकले, ते पाऊल उचललं आणि आत ठेवलं.