माळावरची सरहद्द

आमच्या घराण्यात म्हाळूबा झाले, म्हाळूबांचे उत्तरेश्वर, उत्तरेश्वरांचे हरिबा. हरिबांचे चिरंजीव म्हणजे आमचे हे. त्यांचे नाव मी उखाण्याबाहेर कधी घेतलेले नाही आणि छापण्यासाठीही घेणार नाही. ह्या चौघांनी मिळून आयुष्यात जेवढी भाषणे केली नसतील, तेवढी माझा मुलगा त्रिंबक एका दुष्काळी उन्हाळ्यात करून मोकळा झाला.

तो आमच्या दूध संस्थेचा चेअरमन. चकलांब्याच्या रस्त्याला, आमच्याच माळावर, संस्थेने चारा छावणी उघडली होती. वैरण-पाण्याची वेळ सांगण्यासाठी तिथे हातात धरायचा भोंगा आणला. त्या वर्षी टीव्हीवर सरहद्दीच्या बातम्या आणि निवडणूक एकदमच पेटलेली. त्यामुळे त्रिंबक रोज संध्याकाळी भोंग्यावरून देशाला मार्गदर्शन करू लागला. देश म्हणजे छावणीतली जनावरे आणि त्यांच्याशेजारी बाजेवर पडलेले मालक. म्हशी रवंथ करत ऐकत. मालकांचेही फारसे वेगळे नसे.

माझे मत स्पष्ट सांगते. सरहद्द राखलीच पाहिजे. विचारून येतो तो पाहुणा आणि लपून येतो तो चोर. ह्या दोघांतला फरक पुसून टाकणाऱ्या विद्वानांना मी माझ्या ओसरीवर पाणीसुद्धा विचारणार नाही. त्रिंबकाच्या विचारांशी माझे भांडण नव्हते. भांडण त्याच्या घशाशी होते. दिल्लीला तो अशा सुरात दम देई, जणू दिल्ली आमच्या संस्थेची सभासद आहे आणि दुधात पाणी घालताना सापडली आहे.

भाषणांवर भागेना, तेव्हा त्याने छावणीच्या तोंडाशी आडवा बांबू बांधला, 'तपासणी नाका' अशी पाटी लावली आणि संस्थेचे उपाध्यक्ष मोहनराव ह्यांच्या गळ्यात शिट्टी अडकवली. जनावर सभासदाच्या नावावर नोंदलेले असेल तरच आत. नियम चांगला होता. वैरण मोजकीच येत होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी नाक्यावर एक बाई सहा गाई घेऊन उभी राहिली. गाईंच्या बरगड्या दिसत होत्या, त्यांतली एक गाभण. मी लिंबाखाली बाजेवर बसले होते; सगळे ऐकू येत होते.

मोहनरावांनी शिट्टी फुंकली. "कुठून आलात?"

"डोंगराकडून. तिथलं पाणी सरलं."

"सभासद हायात?"

"मी का गाई?"

त्रिंबक धावत आला आणि, बाई दोन हातांवर असताना, भोंग्यात ओरडला, "घुसखोरी खपवून घेतली जाणार नाही!"

"हळू बोल दादा, गाभण हाय ती," बाई म्हणाली. "अन् घुसायचंच असतं तर मागलं कुंपण मोडलेलं हाय, तिथून आले असते. आत्ताच दोन म्हशी आत जाताना बघितल्या. गळ्यात लई भारी घुंगरं व्हती."

ती घुंगरे कोणाच्या बिननोंदीच्या म्हशींची, हे साऱ्या गावाला ठाऊक होते. मोहनरावांनी शिट्टी सदऱ्याच्या आत टाकली.

"नियम म्हणजे नियम, बाई," त्रिंबक म्हणाला.

"मग तसं सांग. ओरडतोस कावून? इथं न्हाई घेतलं तर उद्याच्या बाजारात व्यापाऱ्याच्या हातात दावी देते. म्होरं चालायचं बळ न्हाई त्यांच्यात."

ती समोरच्या दाराने आली होती आणि नाही म्हटल्यावर निघालीही होती. असे माणूस हल्ली दिसत नाही. मी हाक मारली, "कोणाची गं तू?"

"चतुराबाई. गहिनीनाथाची सून."

मी बाजेवरून उठले. बहात्तरच्या दुष्काळात मी नवी नवरी होते. आमच्या दावणीला सहा जनावरे होती आणि वैरणीची काडी नव्हती. गुरे राखणारे गहिनीनाथ वाटेने जाताना थांबले, आमची सहाही आपल्या कळपात घालून गोदावरीच्या काठाला घेऊन गेले, आणि पेरणीच्या तोंडावर सहाही परत आणून बांधली. ह्याला आमच्याकडे सावड म्हणतात. एकाचे काम दुसऱ्याने अंगाने करायचे आणि पहिल्याने ते अंगानेच फेडायचे; मध्ये पैसा आणला तर तो अपमान. गहिनीनाथ पुन्हा ह्या बाजूला फिरकले नाहीत. सावड आमच्या अंगावर राहिली.

"सासरे ह्या घरच्या सावडीचं बोलायचे," चतुराबाई म्हणाली. "पण मी ती मागाया न्हाई आले, माय. मी छावणी ऐकून आले."

"त्रिंबक, बांबू उचल."

"आई, तूच म्हणतीस नियम पाळावा!"

"मोडायला कोण सांगतंय? छावणीत आपली सहा दावी हायत. आपली जनावरं सोड, घरी ने, घरचा कडबा घाल. त्या जागी हिच्या गाई बांध. माझ्या नावावर, माझ्या पाहुण्या म्हणून."

"अन् ह्यांचं शेण-पाणी?"

"तू. गहिनीनाथांनी गडी न्हवता लावला."

"मी चेअरमन हाय!"

"मग तर वेळच वेळ."

मोहनराव खाली मान घालून हसले. मी त्रिंबकाच्या हातातून भोंगा घेतला. आयुष्यात एकदाच बोलले, तेही थोडके. "सरहद्द राखा. राखणाऱ्याला आधी आपले देणेकरी-घेणेकरी ओळखता आले पाहिजेत. आणि मोहनराव, मागचे कुंपण आज सांजच्या आत बांधा. म्हशी तुमच्या आहेत, वैरण संस्थेची आहे." म्हशींनी रवंथ थांबवला नाही, पण मालक मात्र उठून बसले.

चेअरमन पहाटे टँकरपासून घागरी वाहू लागला. आधी माळावर सहा, मग घरी सहा. चतुराबाई मदतीला धावली की मी तिला बाजेवर बसवी. गाभण गाय अडली, तेव्हा त्रिंबक कोपरापर्यंत हात घालून तिच्यापाशी बसला. वासरू उभे राहिल्यावर रडलाही, पण ते मी पाहिले नाही असे ठरले आहे. संध्याकाळची भाषणे बंद पडली. दिल्लीत कोण बसले ते आम्हाला चहाच्या टपरीवर कळले, आणि देशाने तेवढे दिवस आपले आपणच पाहिले.

पेरणीचे दिवस आले. डोंगराला चारा आला. चतुराबाईने दावी सोडली. सहा गाई आता चकाकत होत्या.

"अजून आठ दिवस ऱ्हावा की," त्रिंबक म्हणाला. "रस्त्यापुरता कडबा तरी घ्या."

"न्हाई दादा. सहाला सहा झाले, गड्याला गडी झाला. आता काडी घेतली तर ती माझ्या अंगावर चढंल."

"अन् वासरू?"

"ते सासऱ्यांच्या टायमाला न्हवतं. त्याचं दूध-पाणी तू केलंस, ते तुझं."

तिने वासरू त्रिंबकाच्या हातात देऊ केले. मी मान हलवली. आईमागून वासरू तोडले असते, तर आम्हीच पुन्हा देणेकरी झालो असतो. ते तिला कळले. तिने माझ्या पायाला हात लावला, मी तिच्या. वयाने मी मोठी, पण देणे माझे होते.

"फिटली, माय," ती म्हणाली.

"फिटली," मी म्हणाले, आणि त्रिंबकाने बांबू उचलला.