फौजदाराची चिठ्ठी

सकाळचे ऊन घड्याळजीच्या दुकानात एकदम कधी येत नसे. समोरच्या छपराआडून ते सावकाश डोके वर काढी आणि दुकानाच्या मागच्या भिंतीवर, अगदी वरच्या रांगेतल्या घड्याळांपाशी, पाहुण्याच्या संकोचाने येऊन टेके. तिथून खुंटी खुंटी उतरत ते खाली येई. काचा एकामागून एक पेटत. त्यांतल्या कुठल्याही दोन घड्याळांचे एकमेकांशी पटत नसे. उन्हाला त्याचे सोयरसुतक नव्हते. भिंत सोडून ते टेबलावर पसरे, पितळी चाकांच्या बशीत उतरे, तेलाच्या इवल्या बाटलीत क्षणभर अडके, आणि पावणेआठच्या सुमारास दाराजवळच्या स्टुलावर, निळ्या उशीवर पोचे. त्या उशीवर दुकानाचा म्हातारा बोका झोपलेला असे. दिवसातून चारदा दुकानाची गस्त घालतो म्हणून त्याचे नाव फौजदार. मिशांवर ऊन पडले की तो एक डोळा उघडी, तक्रार नोंदवून घेतल्यासारखा पाही, आणि पुन्हा मिटी.

गेले आठ दिवस ऊन रिकाम्या उशीवर पडत होते. त्या वेळेला घड्याळजी मान वर करीत नसे.

तो तिशीच्या आतला, अबोल माणूस होता. दुकानामागच्या दोन खोल्यांत तो, त्याची थोरली बहीण आणि बहिणीची सहा वर्षांची मुलगी टिकली राहत. हातात कसब होते, पण एक शब्द त्याच्या जिभेला वळत नसे, तो म्हणजे ‘नाही’. दुरुस्तीला आलेल्या प्रत्येक घड्याळाला तो दोऱ्याने चिठ्ठी बांधी: मालक, बिघाड, तारीख. जे घड्याळ दुरुस्त होण्यातले नसे, त्यालाही तो तारीख घाली, आणि ती उलटली की पुढची. अशा घड्याळांचा खालचा खण केव्हाच भरला होता.

म्हणूनच आठ दिवसांपूर्वी टिकलीने शाळेतून येताच “फौजदार कुठाय?” विचारले, तेव्हा त्याच्या तोंडून निघून गेले, “दुरुस्तीला दिलाय.” दुपारीच त्याने बोक्याला मागच्या भिंतीशी पुरले होते. नखांतली माती अजून निघाली नव्हती.

आज शाळेला सुट्टी होती. चहाचा कप टेबलावर आदळून बहीण म्हणाली, “काल ही बया बाईंना सांगून आली, आमच्या बोक्याचा सुटा भाग मिळत नाहीये. बाई मला विचारतायत, कुठला भाग?”

त्याला हसू आले नाही.

“तू मारलेली गाठ, तूच सोडव. आज तिला सांग.”

“सांगतो, ताई.”

“तुझं ‘सांगतो’ म्हणजे खालच्या खणातलं काम.” मग तिचा आवाज उतरला. “झोपेत गेला बिचारा, तेवढं तरी बरं. नाहीतर दवाखाना हाकेच्या अंतरावर असून आपण काही केलं नाही, हे आयुष्यभर टोचलं असतं.”

घड्याळजीने डोळ्याला भिंग लावले. भिंगाआड असले की कुणी डोळ्यांत पाहू शकत नाही.

ती आत गेली, तोच टिकली बाहेर आली. केस विंचरलेले नव्हते, पण हातात चिठ्ठी होती. त्याच्याच गठ्ठ्यातली, त्याच्याच दोऱ्याची.

“मामा, हे फौजदाराला बांधायचं राहिलं. बघ, बरोबर लिहिलंय ना?”

मालक : मी. बिघाड : झोपतो, खात नाही. तारखेची जागा कोरी होती.

“तारीख तू घाल. तारखेशिवाय काम घ्यायचं नसतं.”

त्याने पेन्सिल उचलली. आठ दिवस सरावलेली सफाई बोटांत आली. “पुढच्या आठवड्यात…”

टिकलीने त्याच्याकडे टक लावून पाहिले. मग टेबलाला पाय टेकवून तिने खालचा खण ओढला, आणि टपालवाल्या आजोबांचे घड्याळ काढून त्याच्यासमोर ठेवले. त्याच्या चिठ्ठीवर सात तारखा खोडलेल्या होत्या.

“असं पुढच्या आठवड्यात?”

त्याची पेन्सिल कोऱ्या जागेवर अडली.

“हे होणारच नाहीये. आजोबांना पण माहितीये. ते म्हणाले, मामाला सांगू नकोस, त्याला वाईट वाटेल.”

घड्याळजीने भिंग काढून ठेवले. पेन्सिलही ठेवली.

“फौजदार मेला, टिकले.”

“म्हणजे बंद पडला?”

“बंद पडलेलं घड्याळ मी उघडतो, पुसतो, आणि ते चालायला लागतं. मेलेल्याचं तसं नसतं. तो श्वास घेत नाही, त्याला भूक लागत नाही, थंडी वाजत नाही. तो आता परत येणार नाही.”

“तुझ्याहून मोठ्या दुकानात दिला तर?”

“कुणालाच जमत नाही.” थोडे थांबून तो म्हणाला, “नाही.”

“मग दुरुस्तीला दिलाच नव्हतास?”

“नव्हता दिला. मागच्या भिंतीशी पुरलाय. आपण दोघं जाऊ.”

“खोटारडा!” तिने त्याच्या दंडावर गुद्दे मारले, पाच-सहा, जीव खाऊन. त्याने दंड हलवला नाही. मग ती स्टुलावर चढली, उशी पोटाशी धरली आणि आवाज न करता रडू लागली. ऊन तिच्या गुडघ्यांवर आले. उशीवरचे दोन पांढरे केस त्यात तरंगून पुन्हा खाली बसले.

बऱ्याच वेळाने तिने नाक पुसले.

“त्याला दुखलं का रे? तू दुकानातच होतास ना?”

उत्तर तयार होते. ताईला दिलेले, आठ दिवस स्वतःला देऊन देऊन गुळगुळीत झालेले: झोपेत गेला, कळलंसुद्धा नाही. ते जिभेवर आलेही. समोर चिठ्ठीवरची जागा कोरी होती. त्याने चिठ्ठी उलटी केली, आणि टिकलीच्या डोळ्यांत पाहिले.

“तो झोपेत गेला नाही. त्याने दोनदा हाक मारली. माझ्या चिमट्यात केसाएवढी स्प्रिंग होती, ती सुटेल म्हणून मी ‘थांब रे’ म्हटलं, आणि मान वर केली नाही. मला ऐकू आलं होतं, टिकले. दोन्ही वेळा.”